ग्रेव्हीचा पुढचा पाय

ऱ्होंडा कुचेरा पंचेचाळिशीला टेकल्यावर पुन्हा कॉलेजात जाऊ लागली, तेव्हा गावाला फुकटची करमणूक झाली. नेब्रास्कातल्या त्या मक्याच्या मुलखात बाईमाणसाला दोनच वाटा, मांसाचा कारखाना नाहीतर शाळेचं स्वयंपाकघर. ऱ्होंडाने कारखान्यात अर्धं आयुष्य सुरी चालवली होती. आता तिला जनावरं कापायची नव्हती, बरी करायची होती. यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे!

जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचं काम शिकवणारा तो वर्ग. सत्राच्या सुरुवातीला बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून कुत्री आणायची, त्यांच्यावर हात बसवायचा आणि शेवटी त्यांना घरं मिळवून द्यायची, अशी तिथली रीत. घर मिळालं नाही की परत निवारा. तो कायम तुडुंब भरलेला. परत गेलेल्या कुत्र्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलत कुणी नसे. नावं द्यायचा मान विद्यार्थ्यांचा. त्या वर्षी सगळी न्याहारीच्या पदार्थांची नावं निघाली आणि ऱ्होंडाच्या वाट्याचा थोराड, तपकिरी कुत्रा झाला ग्रेव्ही, म्हणजे तिकडे न्याहारीला पावावर ओततात तो दाट रस्सा.

सुरी धरून धरून ऱ्होंडाची बोटं आखडली होती. रक्त काढायला शीर सापडेना. सुई टोचली की ग्रेव्ही पाय ओढून घेई.

"काय आजीबाई, कुत्र्याची चाळण करताय की काय?" शेजारच्या टेबलावरची टेसा म्हणाली.

"तू आपलं बघ गं भवाने!"

शिकवणाऱ्या डॉक्टर डिटमरबाईंनी तिला बाजूला घेतलं. "ऱ्होंडा, रक्त काढता आलं नाही तर मी तुला पास करू शकत नाही. आधीच सांगून ठेवते."

ऱ्होंडा हट्टाला पेटली. हात सुधारत नाही, तर कुत्रा सुधारू. तिने शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी आणली. ग्रेव्हीने पाय पुढे केला, तोंड फिरवलं आणि सुई निघेपर्यंत तो हललाच नाही, तर चमचाभर लोणी. हळूहळू त्याला सांगावंही लागेना. माणूस समोर उभं राहिलं की स्वारी बसायची, पाय पुढे, तोंड पलीकडे. ऱ्होंडा पास झाली. टेसाने तिला कडकडून मिठी मारली.

मग कुत्री न्यायला लोक आले. बाकीची कुत्री उड्या मारत होती, पोरांची तोंडं चाटत होती. ग्रेव्ही बसला, पाय पुढे केला आणि तोंड फिरवून थिजून राहिला. सुईसाठी पायावरचे केस काढलेले, कातडी उघडी.

दोन मुलींना घेऊन आलेल्या बापाने विचारलं, "आजारी आहे का हो हा?"

"छे छे! फार गुणी आहे."

"पण खेळत का नाही?"

त्यांनी शेजारचं उनाड पिल्लू नेलं. मागून आलेलेही ग्रेव्हीकडे बघून पुढेच गेले. आपल्या परीक्षेपायी आपण याचं कुत्रेपणच काढून घेतलं, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिने घरमालकाच्या विनवण्या केल्या, पण त्याने कुत्रं चालणार नाही म्हणून साफ सांगितलं. टेसाच्या घरी आधीच तीन होती. ग्रेव्ही परत निवाऱ्यात गेला.

पुढच्या सत्रात, हिवाळ्यात, वर्ग त्याच निवाऱ्यात कामाला गेला. एका सकाळी टेबलावर ग्रेव्ही आला.

"तू बाहेर जा," डिटमरबाई म्हणाल्या. "शीर दुसरं कुणीतरी धरेल."

"दुसरं कुणी चारदा टोचेल त्याला. मीच करते."

ग्रेव्हीने तिला पाहिलं, शेपटी हलवली. मग न सांगता पाय पुढे केला, तोंड फिरवलं. पहिल्याच टोचण्यात शीर लागली.

"छान लागली," डिटमरबाई सवयीने बोलून गेल्या आणि ओशाळल्या. त्यांनी कायमचं झोपवणारं गुलाबी औषध सुईच्या नळीला जोडलं.

"एक मिनिट थांबा," ऱ्होंडा म्हणाली. खिशातून बरणी काढून तिने चमचा भरला आणि त्याच्या तोंडाशी धरला. मग डिटमरबाईंना मानेनेच खूण केली. ग्रेव्ही चाटत होता. चमच्यात थोडं लोणी उरलं.