अनशापोटी

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तळपायात बाभळीचा काटा मोडला तो मेंढरं राखायच्या दिवसांत. पुढे मेंढरं गेली, आमच्या कळस गावच्या रानात ऊस उभा राहिला आणि तो काटा सगळेच विसरले. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा पाय सुजून टणक झाला, भोकं पडली, त्यांतून काळे कण यायला लागले. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, ही बुरशी आहे, हाडात शिरली तर पाय काढावा लागेल. त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या आणि रोज सकाळी घ्या म्हणाले. बाकी एक अक्षर नाही.

आमच्याकडे काढा असो की मुळी, औषध घ्यायचं ते अनशापोटी. अन्नानं औषधाचा जोर मोडतो, असं आईचं ठाम मत. त्यामुळे आबा उठल्या उठल्या कॅप्सूल घेत आणि दुपारपर्यंत आई त्यांना चहासुद्धा देत नसे. पोटात आग पडते म्हटल्यावर त्याच डॉक्टरांनी ॲसिडिटीचं पांढरं पातळ औषध दिलं. आई तेही कॅप्सूलबरोबरच पाजायची. सूज काही उतरेना. मग डॉक्टर आबांवरच उखडले, गोळ्या बुडवता आणि आमच्या नावानं खडे फोडता म्हणाले. आबांनी एकही गोळी चुकवली नव्हती. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

पुण्याला पाय काढायचं ठरलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, गोळी घेता कशी? आईनं अभिमानानं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, ही कॅप्सूल नीट विरघळायला पोटात जेवण लागतं, आम्ल लागतं, आणि ते पांढरं औषध आम्लच मारतं. ती अंगात भिनली की यकृत तिच्यापासून दुसरं औषध तयार करतं. तेही बुरशीशी लढतं, आणि रक्तात मूळ औषधापेक्षा तेच जास्त असतं. पण पोटातून पुढे फारसं काही गेलंच नाही, तर यकृत बनवणार कशाचं?

आई भिंतीला टेकून खाली बसली. मी विचारलं, आता जेवून घेतली तर? बाईंनी नकारार्थी मान हलवली. हाड पार पोखरलं होतं.

टाके निघाल्यावर आबांनी हट्टानं मला बारामतीला न्यायला लावलं. कुबड्या टेकत ते त्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मला तेच हवं होतं.

"डॉक्टरसाहेब, दोन भाकरी खाऊन गोळी घ्या, एवढंच तुमी म्हनला असता," आबा हळू आवाजात म्हणाले, "तर म्या चार खाल्ल्या असत्या."