मलावीला गेलेली ओटी

"अहो, लवकर या! गॅरेजमध्ये कोणीतरी मेलंय!"

माझ्या बायकोचा आवाज मुळातच असा, की ती लेस्टरला किंचाळली तर तिकडे नॉटिंगहॅमच्या कॅज्युअल्टीत स्ट्रेचर बाहेर निघतं. मी अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो. गॅरेजचं दार वर केलं आणि आतल्या वासाने मला छातीवर हात ठेवून मागे ढकललं. शेजारच्या म्हाताऱ्याचं मांजर त्या दिवशी जे गेलं, ते स्कॉटलंडमध्येच स्थायिक झालं असावं.

मेलेलं मात्र कोणी दिसेना. आत होती फक्त एक लाकडी पेटी.

ही पेटी माझ्या मेव्हणीची. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. हॉस्पिटलातली सर्जनची चांगली पक्की नोकरी सोडून ही बाई आफ्रिकेत, मलावीतल्या खेड्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात निघून गेली होती. तिथे तिच्याकडे यायच्या त्या बाळंतपणात दिवसचे दिवस अडलेल्या, मूल गेलेल्या बायका. आतून फाटल्यामुळे लघवी सतत गळत राहते, म्हणून नवऱ्यांनी झोपडीबाहेर काढलेल्या. त्यांना शिवून पुन्हा माणसांत बसवण्यासाठी तिने ऑपरेशनांचा कॅम्प ठरवला होता. हात तिचा होता. हातमोजे, गाऊन, कॅथेटर आमच्याकडून जायचे होते.

मग काय विचारता! अख्ख्या मिडलंड्समध्ये ऑपरेशन थिएटरची अशी एक सिस्टर उरली नाही, जिच्या कपाटापुढे मी गयावया केली नाही. जिन्यावर गाऊन, बाथटबमध्ये कॅथेटर. एक महिना आम्ही आंघोळी शेजाऱ्यांच्या दयेवर केल्या. समुद्राची दमट हवा आत शिरू नये म्हणून प्रत्येक पेटीला आतून जाड प्लास्टिक लावलं, खिळे ठोकले. लॉरीत एक पेटी मावली नाही, ती गॅरेजमध्ये राहिली. बाकीच्या गेल्या जहाजावर. त्यालाही आता बरेच आठवडे झाले होते.

मी पहारीने झाकण उचकटलं.

आत गाऊन नव्हते, बुरशीची काळी, केसाळ घोंगडी होती. तिच्या मधोमध एक फुटलेला नारळ. भोवती तांदूळ, आणि ते तांदूळ चालत होते. टोक्यांनी हातमोज्यांची कागदी पाकिटं खाऊन पलीकडे मुक्काम हलवला होता. एका कोपऱ्यात एके काळी हिरवा असलेला खण.

बायको माझ्याकडे बघायला लागली. मग आम्ही दोघंही स्वयंपाकघराच्या दाराकडे. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई पदराला हात पुसत बाहेर येत होत्या.

"आई, हा नारळ तू घातलास?"

"ओटी भरली. लेकीकडे सामान चाललंय, ते काय ओकंबोकं पाठवायचं? तुम्ही खिळे शोधत होतात तेव्हा ठेवला. बेलग्रेव्ह रोडवरच्या आपल्या देशी दुकानांतून चांगले पाण्याचे निवडून आणले होते, एकेक हलवून बघून."

"आणले होते म्हणजे? याच पेटीत ना?"

"एकीची भरायची आणि बाकीच्यांची नाही? असं कुठे असतं?"

मयताला गेलो तरी मला हसू आवरत नाही, अशी माझी ख्याती. त्या क्षणी मात्र ते ओठांपर्यंतसुद्धा आलं नाही. ही पेटी लेस्टरच्या गारव्यात होती. बाकीच्या जहाजाच्या पोटात, मग बंदरातल्या उन्हात, मग ट्रकवर. आणि आतली वाफ बाहेर जाऊ नये याची व्यवस्था आम्ही जातीने केलेली.

दवाखान्याचा फोन लागेपर्यंत मी दोनदा म्हातारा झालो.

"भाऊजी!" मेव्हणी तिकडून ओरडली. "काल संध्याकाळी पेट्या आल्या! उद्या पहिलं ऑपरेशन. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. एकीला तर बापाने सायकलच्या कॅरियरवर बांधून आणलंय. ऐका, गातायत!"

खरंच, मागे गाणं चाललं होतं. पुष्कळ बायकांचं, टाळ्यांवरचं.

"वा वा," मी म्हणालो. "त्याचं असंय, पेट्यांत आईंनी जरासा खाऊ घातलाय. उघडून बघ हं. आत्ताच बघ."

"खाऊ? तरीच!" ती खो खो हसली. "सगळे म्हणतायत, स्टोअरमध्ये उंदीर मेलाय. थांबा, व्हरांड्यातच आणायला सांगते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. इकडे आम्ही तिघं एका रिसीव्हरला डोकी लावून उभे. तिकडे खिळे निघत होते. एक झाकण पडलं. दुसरं पडलं. गाणं चालू होतं. मग गाणं विरळ झालं, नुसती झाकणं पडत राहिली. मग तेही नाही. लाइन तुटली असावी असं मला वाटलं. तसं वाटून बरंही वाटलं.

"भाऊजी."

"गाऊन धुऊन घे," मी घाईघाईने म्हणालो. "उकळ, वाफेत घाल. आपल्या आज्या नाही का, धोतराची फडकी उकळून..."

"गाऊन धुईन. हातमोजे आणि कॅथेटर गेले. पाकिटांची चाळण झालीय."

"एखादी पेटी तरी असेल ना धड?"

"नाही."

सासूबाईंनी रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला. धरला उलटा; बायकोने सरळ करून दिला.

"अगं, त्या बायका मघाशी गात होत्या ना? थांबल्या का गं?"

"त्याही पेट्यांत बघतायत, आई."