गोपालच्या विमानाचे बोल्ट

सुरतेच्या उधन्यात माग बिघडला की हेमराज पाटलाला बोलावणं जाई. अमळनेर सोडून त्याला तीस वर्षं झाली होती. नुसत्या आवाजावरून तो मागाचं दुखणं ओळखे. घरात मात्र हल्ली नाव निघे ते त्याच्या साडूचं. गोपाल त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान, डाइंग मिलमधला मेकॅनिक. त्यानं बारडोली रस्त्यावर शेड भाड्यानं घेऊन दोन माणसांचं विमान बांधायला काढलं होतं. सासरची माणसं सुरतेला आली की आधी शेडवर जात, मग हेमराजकडे चहाला येत, आणि चहा पितानाही विमानाचंच बोलत.

चाकांचे आस बसवायच्या दिवशी गोपालनं निरोप धाडला, "भाऊ, तुमचा हात लागू द्या." एकेक आस विमानाच्या पायाला चार बोल्टांनी जोडायचा होता. उजवीकडचा जोडून झाला होता. हेमराजनं नटांवरून अंगठा फिरवला. बोल्ट आखूड होते, नटाबाहेर एकही आटा येत नव्हता. उतरतानाच्या दणक्यानं नट निसटला असता. तो तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी उभे असलेले सासरे म्हणाले, "आमचा गोपाल म्हणजे हिरा."

हेमराजनं हात पुसले आणि "झकास" म्हणून निघून आला.

जेवताना बायको रंजना म्हणाली, "काय व्हयनं? भाकर तशीच पडेल शे."

हेमराजनं ताट बाजूला सारलं. गोपाल पडावा असं त्याला वाटत नव्हतं. तो चुकावा आणि ते सगळ्यांना दिसावं, एवढंच. पण विमानात दुसरी जागा होती, आणि तिथं गोपालची बायको योगिता बसणार होती.

सकाळी तो शेडवर गेला, तर उजवीकडे नवे, लांब बोल्ट.

"काल तुमचा अंगठा नटावर थांबला," गोपाल म्हणाला. "तुम्ही गेल्यावर मला चैन पडेना. पाहिलं तर बोल्ट आखूड. तुमच्यामुळे वाचलो, भाऊ."

यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं हेमराजला वाटलं.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला. "मुद्दाम बोललो नाही."

 गोपालनं टॉर्क पाना पुढे केला. "डावीकडचे तुम्ही आवळा."

गोपाल शेडच्या मागं गेला, आणि हेमराजनं बोल्ट आवळले. हवा तेवढा ताण येऊन पाना कट्ट वाजला की थांबायचं. त्याच्या हाताच्या अंदाजाला तिथं काही काम नव्हतं. एवढ्यात बाहेर सासऱ्यांची रिक्षा थांबली.

"गोपाल कुठंय?" त्यांनी आत येत विचारलं.

हेमराजनं शेडच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं, आणि ते डाव्या चाकाकडे बघतात का, हे पाहत तिथंच उभा राहिला.