जांभळा शिक्का

"हात दाखव."

मी दाखवला. तळहातावर काही नव्हतं. थोडी जांभळट ओल होती, बस.

पालघरच्या मैदानावर शे-दोनशे माणसं उभी होती. शर्यतीत मी पहिला आलो होतो. माझ्या मागचा मुलगा अजून रस्त्याच्या वळणावरही दिसत नव्हता. मी चौदा वर्षांचा, डोंगराकडच्या आश्रमशाळेतला, अनवाणी. आमच्या शाळेतून मी एकटाच निवडला गेलो होतो. सातपाटीच्या रस्त्याने शिरगावपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. तिथे एक मास्तर शाईचा शिक्का घेऊन बसले होते. तो तळहातावर मारून घ्यायचा, शेजारी शाळेचा शिपाई पाणी देत होता ते प्यायचं, आणि परत. शिक्का म्हणजे तिथवर गेल्याचा पुरावा. तो माझ्या हातावर नव्हता.

"शिक्का कुठाय?" सरांनी विचारलं. हे सर आमच्या शाळेचे नव्हते, शर्यत त्यांच्या ताब्यात होती.

"मारला व्हता, सर."

"मग गेला कुठे? उडाला?"

लोक हसले. मी दुसरा हात पुढे केला. का केला, देव जाणे. त्यावर आणखीच हसले. मग सर मागे उभ्या असलेल्या पालकांकडे वळले आणि म्हणाले, "ही पोरं धावत नाहीत हो. पळतात. शाळेतून पळतात, कामावरून पळतात. हा शेतातून आडवाटेने पळून आला."

वहीत माझं नाव होतं. त्यावर रेघ मारली. मी उभा होतो तिथेच, तोवर दुसरा आलेला पहिला झाला.

मला सरांचा राग आला नाही, हे सांगायला आज लाज वाटते. मला माझ्या हाताचा राग आला. वाटलं, घाम पुसताना शिक्का आपणच पुसला. आपल्यालाच अक्कल नाही. पाड्यावर गेल्यावर बा एवढंच म्हणाला, "हात दाखवून अवलक्षान. जायाचाच कशाला तिथं?"

त्यानंतर मी धावणं सोडलं. सोडलं म्हणजे पुरतं सोडलं. समोरून एसटी सुटली तरी मी पाऊल उचललं नाही. बायको गाडीच्या दारात उभी राहून ओरडायची, "धाव ना!" आणि मी रस्त्यात ढिम्म उभा. ती चिडायची. मी धावलो की कुणीतरी "पळाला" म्हणणार, ही भीती हाडात बसली होती. तिला ती कशी सांगणार?

पुढे बोईसरला रंगाच्या कारखान्यात लागलो. ठेकेदाराचा माणूस. रंगाच्या भुकटीच्या गोणी फोडायच्या, ड्रम भरायचे. पिवळा रंग असला की आठवडाभर माझा घासही पिवळा. साबणाने, दगडाने, राखेने हात घासून पाहिले. रंग जात नाही, तो कातडी घेऊनच जातो. राहायला आम्ही जवळच्या पाम गावात खोली घेतली होती.

चाळिशी गाठली आणि खोकला लागला. जिना चढताना धाप. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "रोज चालत जा. नाहीतर छाती जाईल." म्हणून पहाटे पामहून कारखान्यापर्यंत चालत निघू लागलो. पहिले पंधरा दिवस चाललोच. एका सकाळी मागून कुत्रं लागलं म्हणून धावलो. कुत्रं थांबलं, मी थांबलो नाही. नाक्यापर्यंत गेलो, वाकून खोकलो, डोळ्यांतून पाणी आलं आणि हसू आलं. पाय विसरले नव्हते. मीच विसरलो होतो.

मग रोज धावू लागलो. पण चोरासारखा. समोर माणूस दिसला की चालायचो, माणूस गेला की धावायचो. ते उगीच नाही. एकदा एका कंपनीच्या वॉचमनने मला अडवलं, दंड धरला. "क्या उठा के भाग रहा है?" मी डबा उघडून दाखवला. भाकरी आणि जवळ्याची चटणी. त्याने बोट घालून भाकरीखाली बघितलं. त्याच वेळी पांढरे बूट घातलेले दोन साहेब आमच्या बाजूने धावत गेले. त्यांना त्याने सलाम ठोकला. त्यांचा व्यायाम. माझं उचलून पळणं.

त्यातला एक आमच्याच कारखान्याचा साहेब होता. त्याने मला ओळखलं. दुपारी खात्यात येऊन पाठीवर हात ठेवला.

"अरे, तू तर छान धावतोस! वर्धापनदिनाला शर्यत आहे. गेटपासून पाम आणि परत. मीपण धावणार आहे. ये तू."

सहा वर्षांत या माणसाने मला नावाने हाक मारली नव्हती. पाठीवरचा हात मला दिवसभर जाणवत राहिला. हा का गोड बोलतो? कुणाला दाखवायला मी हवा आहे? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं तर दुधाचं भांडंच हिसकावून घेतलं होतं.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "साहेब गोड बोलला म्हंजे त्याचा काय तरी काम हाय. जपून ऱ्हा." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, "पन जा. तुला जायाचा हाय, माला कलतं."

मला जायचंच होतं. बक्षिसासाठी नव्हे. एकदा तरी शेवटच्या दोरीपाशी जाऊन कुणी "मधून आला" म्हणू नये, एवढंच हवं होतं.

शर्यतीच्या सकाळी कायम कामगारांना छातीवर लावायला नंबर मिळाले. ठेक्यावरच्यांना सांगितलं, "नंबर कमी पडले. तुम्ही असेच धावा. पामला सगळ्यांच्या हातावर शिक्का मारतील."

शिक्का. पुन्हा तोच. तरी निघालो.

धावलो मात्र मस्त. सांगायला कसली लाज? रोजचा रस्ता, रोजचे खड्डे. तरणी पोरं पहिल्या मैलातच दमली. पामला पोचलो तेव्हा माझ्यापुढे दोघेच होते, आमचा तो साहेब आणि प्रयोगशाळेतला एक बाबू. टेबलापाशी हात पुढे केला. तळहातावर जांभळा शिक्का बसला. पिवळ्या कातडीवर स्वच्छ दिसला. मी फुंकर घालून वाळवला.

पुढच्या टेबलावर कॉलनीतल्या एक बाई पाणी देत होत्या. बाबूने ग्लास घेतला. त्याची बोटं निळी होती, आमच्याच कारखान्याच्या रंगाने. तो प्यायला आणि गेला. मी पुढे झालो. बाईंनी ग्लास बाजूला सारला आणि जग उचलला.

"तुम्ही ओंजळ करा हं. हाताला रंग आहे ना, ग्लासला लागेल."

आणि मी ओंजळ केली. विचार न करता. हात आपोआप जुळले, कारण लहानपणापासून तेच ठाऊक. वरून धार पडली. मी ओठ लावले आणि ओंजळीत बघितलं. पाणी जांभळं होत होतं. शिक्का फुटत होता, बोटांच्या फटीतून गळत होता.

त्या क्षणी शिरगाव आठवलं. शिपाई, मडकं. इतर मुलांना पेला. मला, "ओंजळ धर रे, वरून ओततो." पेला धरणाऱ्याचा तळहात कोरडा राहतो. ओंजळ धरणाऱ्याचा धुतला जातो. मी घाम पुसला नव्हता. मी काहीच पुसलं नव्हतं. त्यांनीच शिक्का मारला, त्यांनीच वरून पाणी ओतून धुतला, आणि मग त्यांनीच विचारलं, कुठाय?

एवढी वर्षं मी माझ्याच हाताला शिव्या देत होतो.

मी ओंजळ सोडली. पाणी पायावर सांडलं.

"ग्लास द्या."

"अहो, वेळ जातोय तुमचा," बाई म्हणाल्या.

"जाऊ दे. ग्लास द्या."

"सगळे वापरलेले आहेत हो."

पाच धुतलेले ग्लास टेबलावर पालथे होते. मी एक उचलला. जग त्यांच्या हातातून घेतला, ग्लास भरला आणि सावकाश प्यायलो. तोवर चार जण माझ्यापुढे निघून गेले. रिकामा ग्लास मी धुतलेल्यांच्या रांगेत ठेवला. काचेवर पिवळी बोटं उमटली होती.

परत आलो तेव्हा सातवा होतो. साहेब दुसरा आला होता. गळ्यात हार, हातात थंड बाटली. दोरीपाशी वही घेऊन बसलेल्या माणसाला तो म्हणाला, "याला नंबर नाही. शिक्का बघून घे." मग माझ्याकडे वळला. "हात दाखव रे."

मी मूठ मिटून घेतली.

"दाखव की. काय लपवतोस? अर्ध्यातून पळून आलास की काय?"

लोक हसले. तेच हसू. तीच माणसं नव्हती, पण हसू तेच.

मी राहतो पामला. रोज पहाटे पामहून येतो. आणि मला विचारत होते, पामपर्यंत गेला होतास का? मी म्हणालो, "आदी तुमचा हात दाखवा, साहेब."

हसू थांबलं. "काय म्हणालास?"

"शिक्का सगळ्यांनाच मारलाय. तुमचा कुनी बगितला नाय. तुमचा दाखवा, मग माझा."

त्याच्या हातावर शिक्का होता की नव्हता, मला माहीत नाही. असेलही. तो धावला होता, मी पाहिलं होतं. पण त्याने बाटली त्या हातातून या हातात घेतली आणि मोकळा हात खिशात घातला. तेवढं मला पुरलं. संशय घेणाऱ्याला संशय कसा लागतो, ते त्याच्या तोंडावर दिसलं. वहीवाल्याने पेन उचललं. मी म्हणालो, "रेघ मारू नको. मीच जातो."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने मला कामावर घेतलं नाही. "तोंड आवर," म्हणाला. पंधरा दिवस घरी बसवलं. बायकोने कुणाच्या वाडीवर कामाला जाऊन चूल पेटती ठेवली. ती एकदाही म्हणाली नाही की माफी माग. मीही मागितली नाही.

त्या पंधरा दिवसांत मी रोज धावलो. आता पहाटेच्या अंधारात नाही. सकाळी पहिल्या पाळीची माणसं गेटात शिरतात त्या वेळी, रस्त्याच्या मधून, वॉचमनसमोरून. माणूस दिसला म्हणून चालायला लागणं बंद. बघा, नीट बघा.

कामावर परत घेतलं आहे, पण आता कुणी पाठीवर हात ठेवत नाही. बरं आहे. पुढच्या वर्षी शर्यत असेल, तर मी असणार. पाणी पेल्यातून पिईन, नाहीतर तहानलेलाच धावेन. ओंजळ करणार नाही. आणि ज्याला शंका असेल त्याने सकाळी पामला माझ्या दारात यावं आणि माझ्याबरोबर गेटपर्यंत धावावं. हात मी दाखवणार नाही.