भिंत न पाडता

दादरला आमचं छोटं ऑफिस आहे. घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांच्या केसेस आम्ही चालवतो. मी वकील नाही, तिथले कम्प्युटर मी सांभाळते. मध्यंतरी एका बाईचा नवा पत्ता तिच्या नवऱ्याला कळला. कुठून फुटला, समजलं नाही, पण आमच्याकडूनच तर नाही ना, या विचाराने माझी झोप उडाली. मग मी वकील मॅडमच्या मागे लागून सगळी मशीन्स सुरक्षेसाठीच बनवलेल्या एका ऑपरेटिंग सिस्टीमवर नेली. परवानगीशिवाय कुठलाही प्रोग्राम बाहेर संपर्क करणार नाही, अशी त्यात भिंतच होती.

आणि ऑफिसचं काम रेंगाळायला लागलं. आमच्या लेटरहेडवरच्या अर्जाची फाइल क्लिक केली की पडदा नुसता पांढरा. चहा पिऊन यावं, तरी तसाच.

मी मेमरी वाढवली, जादा फॉन्ट काढले, प्रोग्राम नव्याने टाकला. काही उपयोग नाही. शेवटी तपासणीसाठी घटकाभर ती भिंत बंद केली, आणि फाइल झटक्यात उघडली.

"झालं की!" मॅडम खूश. "राहू दे आता असंच."

"नाही मॅडम. असं ठेवलं तर बदललं कशाला सगळं?"

"अगं, दुपारी कोर्टात अर्ज द्यायचाय. अर्जवाली बाई बाहेर बसलीये मुलाला घेऊन."

"म्हणूनच नाही म्हणतेय."

मॅडमना मी इतकं तोंडावर कधी बोलले नव्हते. मी भिंत पुन्हा चालू केली. मॅडमनी वैतागून स्वतःच कीबोर्ड ओढला, कोरं पान उघडलं आणि थबकल्या. "हे बघ, हे लगेच उघडलं. लेटरहेडच अडकतंय."

तिथे माझी ट्यूब पेटली. भिंतीने काय काय अडवलं होतं, त्याची नोंद काढली. दर वेळी एकच पत्ता: आमचा जुना, केव्हाच भंगारात गेलेला सर्व्हर. लेटरहेडवरचं चिन्ह पानात नव्हतंच, फाइल उघडली की ते त्या सर्व्हरवरून यायचं. भिंत नसताना नेटवर्ककडून "इथे काही नाही" असं उत्तर लगेच मिळायचं. भिंत असताना उत्तरच यायचं नाही, आणि प्रोग्राम बिचारा वाट बघत बसायचा.

मी चिन्ह पानातच कायमचं बसवलं. क्लिक केलं. लेटरहेड समोर हजर, भिंत जागच्या जागी.

अर्ज टाइप झाला, छापला गेला. सही करताना त्या बाईने विचारलं, "माझा पत्ता यातून कुठे जाणार नाही ना?"

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "यांना विचारा. त्या माझंही ऐकत नाहीत."

"या मशीनमधून नाही जाणार," मी म्हणाले. आवाज आपोआप ठाम आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल मी असं छातीठोक कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी लालबागच्या घरी आईला हे सगळं सांगितलं. तिला भिंत कळली, सर्व्हर कळला नाही. तरी गॅलरीत जाऊन शेजारच्या काकूंना तिच्या मालवणीत सांगून आलीच, "माझ्या चेडवान हापिसातलो कंप्युटर बरो केल्यान!"

मी आतून ऐकत होते. तिचं बोलणं दुरुस्त करायला गेले नाही.