अर्ध्यात बंद केलेलं मशीन

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्याच उन्हाळ्यात आमच्या घरी भांडी धुण्याचं मशीन आलं. गल्ली हसली. गल्लीचं काही चुकलं नाही. नळाला आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी, टँकर आला की टिपाडांची रांग, आणि आमच्या दारात टेम्पोतून हे पांढरं धूड उतरतंय. समोरचे निवृत्त कंडक्टर म्हणाले, "साहेब, माणसाला प्यायला न्हाई आन् तुम्ही मशीनला पाजून राहिले का?"

मशीन आमच्या मुलानं पुण्याहून पाठवलं होतं, त्याच्या आईच्या हातांसाठी. माझ्या बायकोच्या बोटांना त्या हिवाळ्यापासून चिरा पडत होत्या. साबण लागला की चिरा आणखी उलायच्या. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "दोन महिने हात साबणाच्या पाण्यात घालायचे नाहीत. ह्या चिरा पिकल्या तर भाकरी थापणं विसरा." ती निलंग्याकडची. तिची भाकरी कागदासारखी पातळ, आणि त्याचा तिला माझ्या डिग्रीपेक्षा जास्त अभिमान. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर ती रिक्षात हात पदराखाली घेऊन बसली.

खरं तर भांड्याला एक बाई लावली असती तर प्रश्न मिटला असता. लावू दिली नाही ती मी. त्याचं कारण सांगतो.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मी. आईबाप रेणापूरकडं दुसऱ्यांच्या रानात राबले. मी नांदेडला शिकलो, आणि पहिल्या वर्षी ज्या खानावळीत जेवत होतो तिथलीच भांडी घासून जेवत होतो. मागच्या अंगणात उकिडवं बसून, राख आणि काथ्या घेऊन, माझ्याच वर्गातल्या पोरांची ताटं. ती पोरं वाईट नव्हती. पण वर्गात शेजारी बसणारा पोरगा ताट आणून माझ्यासमोर टाकायचा तेव्हा माझ्याकडं बघायचा नाही. मला त्याची लाज वाटायची, त्याला माझी. त्या अंगणात मी मनाशी ठरवलं की डिग्री झाली की आयुष्यात पुन्हा खरकट्याला हात लावायचा नाही. आणि आपल्या घरात कुणाला पगार देऊन आपलं खरकटं काढायलाही लावायचं नाही.

डिग्री झाली. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, नवा जिल्हा, नवी ऑफिसं, आणि आमच्यासारख्यांना टेबल मिळालं. सुरुवातीला टेबलही नव्हतं. फायली जमिनीवर आणि आम्ही सतरंजीवर. पण सही माझी चालायची. तीस वर्षं नोकरी केली, ठरवलेलं पाळलं, आणि चारचौघांत सांगितलंही. विहारात एकदा तर भाषणात सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी बायकोनं बाई लावायचं काढलं तेव्हा मी तेच भाषण तिला ऐकवायला लागलो. तिनं मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाली, "झालं? मग आता सांगा, तीस वर्षं ह्या घरातलं खरकटं कोण काढून राहिलं?"

"अगं, तू घरातली."

"म्हणून मोजायची न्हाई का?"

साहेब माणसाला उत्तर सुचलं नाही की तो फोन लावतो. मी मुलाला फोन लावला. आठवड्यात मशीन दारात.

बसवायला आलेला माणूस सगळं समजावून गेला. पुस्तकही मी दोनदा वाचलं. मुलगा फोनवर सांगत होता, "पप्पा, हाताने धुण्यापेक्षा ह्याला पाणी कमीच लागतं. फक्त एकदा लावलं की मधे हात लावू नका."

हात लावला मी. माझी तरी काय चूक म्हणा. त्या दिवसांत आमच्याकडं तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नव्हते, ते कुंडीला जायचं. अंघोळीचं पाणी संडासात. भांडी तीन टबांत धुतली जायची, आणि तिसऱ्या टबाचं पाणी दुसऱ्या दिवशी पहिल्या टबात. अशा घरात मी मशीनची नळी बादलीत सोडली आणि स्टूल घेऊन बसलो. पहिलं पाणी आलं ते तेलकट, ठीक. दुसरं आलं फेसाचं. पुढचं येऊ लागलं ते मला तर चांगलं स्वच्छ दिसलं, आणि आत अजून पाणी घेणं चालूच होतं. गच्चीवरच्या टाकीत मोटारीनं चढवलेलं, टँकरचं पाणी. दार उघडलं की मशीन थांबतं हे मी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. दार उघडलं.

"झाली भांडी," मी म्हणालो. "नुसती खंगाळायची राहिली."

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. मी वाचवलेलं पाणी बादलीनं मोजून समोरच्या कंडक्टरांना सांगायचो. ते म्हणायचे, "सरकारनं तुम्हाला सोडायलाच नको होतं."

खंगाळत कोण होतं, हे मी विचारलं नाही. ताटं सकाळी मांडणीवर असायची, एवढं मला दिसत होतं.

दहाएक दिवसांनी असाच स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. बायको परातीपुढं बसली होती आणि ज्वारीचं पीठ चमच्यानं कालवत होती. ज्वारीचं पीठ चमच्यानं मळून होत नाही हे मलाही कळतं. हात चालवावा लागतो, तळव्यानं रगडावं लागतं. ती चमचा फिरवत होती आणि पीठ भुसभुशीत सुटत होतं. मी चमचा काढून घेतला आणि तिचे हात उलटे केले. बोटांवरची कातडी सोलल्यासारखी निघाली होती. चिरांच्या आत लाल दिसत होतं.

"हे कधी झालं?"

"ती पावडर लई जहाल हाय," ती म्हणाली. "तुमचं मशीन अर्ध्यात उघडलं की सगळी ताटालाच असती. दोन टब पाणी घेतल्याबिगर निघत न्हाई."

म्हणजे मी वाचवलेलं पाणी ती दोन टबांत परत वापरत होती, वर हात भाजून घेत होती. आणि मशीनची जहाल पावडर हाताला लागू देऊ नका, हे पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. मी ते दोनदा वाचलं होतं.

"सांगायचं न्हाई का?" मी जरा चढ्या आवाजात बोललो. राग स्वतःचा होता, निघाला तिच्यावर.

"सांगून काय? तुम्ही बाहेर कौतुक सांगत होते. म्हटलं, सांगू द्या माणसाला."

त्या रात्री मी मशीन शेवटपर्यंत चालू दिलं, आणि ते संपेपर्यंत गच्चीवर जाऊन बसलो, म्हणजे पाण्याचा आवाज नको. ताटं कोरडी, चकाचक निघाली. चार दिवस असं सुखात चाललं. मग नळाचा फेरा आणखी लांबला, टँकर घरटी दोन टिपाडांवर आला, आणि गच्चीवरची टाकी कोरडी पडली. मशीनला पाणी आपोआप नळीतून यावं लागतं, त्याला तांब्यानं पाजता येत नाही. ते बंद पडलं. तिच्या हातांवर तेव्हा नुकती नवी कातडी धरायला लागली होती.

जेवणं झाली. ती उठली, साडीचा पदर खोचला आणि न्हाणीकडं निघाली.

मी म्हणालो, "थांब."

"बाई लावता का?"

"न्हाई."

"मग?"

मी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून राख मागून आणली, बनियनवर आलो आणि न्हाणीत उकिडवा बसलो. गुडघ्यांनी लगेच तक्रार केली. पण हातांना सगळं आठवत होतं, त्याचंच नवल वाटलं. आधी सगळं कोरडंच घासायचं, राखेनं, पाणी लावायचंच नाही, मग फडक्यानं पुसायचं, आणि शेवटी एका तांब्यात चार ताटं. हे नांदेडच्या त्या अंगणातलंच काम. तिथं ते करताना मान वर करता येत नव्हती. इथं दारात बायको उभी होती आणि सरळ माझ्याकडं बघत होती. फरक एवढाच, पण माझ्यासाठी तो फार मोठा होता.

"कुठं शिकले हे?" तिनं विचारलं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि खानावळीतलं तिला सगळं माहीत होतं. पण भाषणातलं माहीत होतं. मी घासताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"कॉलेजात," मी म्हणालो.

"मग त्याचीबी डिग्री दाखवा."

पाऊस लागेपर्यंत भांडी माझ्याकडं राहिली. समोरच्या कंडक्टरांना एक दिवस दिसलो. ते काही बोलणार होते, पण त्यांच्या घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "बघा, जरा बघा तिकडं," तेव्हा ते मुकाट्यानं आत गेले.

तिचे हात भरून यायला दोन महिने पुरले नाहीत, तीन लागले. एका सकाळी स्वयंपाकघरातून थापण्याचा आवाज आला. मी पेपर ठेवला. परातीत भाकरी गरागरा फिरत होती, पूर्वीइतकी पातळ नाही, कड एका बाजूला जाड, पण हातानं थापलेली. तिनं ती तव्यावर टाकली आणि हात वर करून उजेडात बोटं वळवून पाहिली, एकेक करून, दहाही.

जेवण झाल्यावर मी ताटं गोळा केली. ती नको म्हणेल असं वाटलं होतं. नको म्हणाली नाही.

"एक सांगू का," ती म्हणाली. "तुम्ही घासता चांगलं. पण कढयांची बुडं सोडता. इतके दिवस बघून राहिले."

मी कढई उलटी केली. खरंच काळी होती. मी राख घेतली आणि परत बसलो.