शेंगोळ्यांवर पडलेला बर्फ

मी दौंडची. वडील रेल्वेत होते, त्यामुळे आमचं सगळं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. घरात भाजी यायची ती बाजारातून, आणि तीही ठरलेली: बटाटा, वांगी, कोबी, मेथी. लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्याला आले तेव्हा सासूबाई शेताच्या बांधावरून पदरात काहीतरी खुडून आणायच्या आणि मला त्यातलं एकही पान ओळखता यायचं नाही. "ही घोळ. ही पाथरी. ह्यो तांदुळजा," त्या एकेक पान उचलून सांगायच्या. "तुमच्या दौंडात उगवत न्हाई व्हय काही?"

त्यांना मी आत्या म्हणायचे. आत्या कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण भाजी कशी निवडायची, कशात शिजवायची, कुणाला बाधते, हे त्या इतकं रंगवून सांगायच्या की ते कुठंतरी उतरवून ठेवावं असं मला सारखं वाटायचं. मी कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात, ऑफिसमध्ये कॉम्प्युटरवर होते. माल बाहेर पाठवायचे कागद तयार करायचे, एवढंच काम. तिथले जुने कॉम्प्युटर बदलले तेव्हा त्यातला एक आमच्या मालकांनी घरी आणला आणि फोनच्या लाइनवर इंटरनेट घेतलं. मालक म्हणजे माझे मिस्टर. ते दुसऱ्या कारखान्यात शिफ्टला जायचे. त्यांना क्रिकेटचा स्कोअर बघायचा होता. मी ब्लॉग सुरू केला.

पहिला लेख हुलग्याच्या शेंगोळ्यांवर होता. हुलग्याचं पीठ मळायचं, दोन्ही तळव्यांत वळून त्याची वेटोळी करायची आणि लसणाच्या उकळत्या रश्शात सोडायची. आत्या सांगत होत्या, मी टाइप करत होते. तो लेख एकाच माणसानं वाचला, आणि ते माझे वडील होते. ते तेव्हा रिटायर झाले होते आणि दौंड स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन पेपर वाचायचे. त्यांनी खाली इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'Chan aahe.' मला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं.

वर्षभर असंच चाललं. मग आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या सरांना मी ब्लॉग दाखवला. ते मूळचे बनारसकडचे, त्यांचं मराठी अर्धं हिंदी असायचं. ते म्हणाले, "मॅडम, फुकटच्या जागेत किती दिवस राहणार? स्वतःची जागा घ्या. फिर प्लगइन टाकता येतील."

प्लगइन म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेले छोटे, तयार प्रोग्रॅम. आपल्या ब्लॉगला नेऊन जोडले की ब्लॉगला एखादं नवीन काम करता येतं. बरेचसे फुकट मिळायचे. मला ते ऐकूनच हुरूप आला. त्यांच्या मदतीनं मी इंटरनेटवर भाडं भरून स्वतःची जागा घेतली, जुने लेख तिकडे हलवले, आणि प्लगइनच्या यादीत शिरले.

ती यादी मी कशी वाचली ते आता आठवलं की हसू येतं. प्रत्येकाचं वर्णन वाचलं की वाटायचं, हे तर आपल्याला पाहिजेच. किती जण येऊन गेले ते मोजणारं एक घेतलं. घड्याळ घेतलं, कॅलेंडर घेतलं. आजचं हवामान दाखवणारं घेतलं. त्यात तळेगाव नव्हतंच, म्हणून पुणे लावलं. वाचकाला तारे द्यायला लावणारं घेतलं. फोटो आपोआप सरकवणारं घेतलं. डिसेंबर होता, म्हणून पानावर बर्फ पाडणारंही एक घेतलं. बारीक पांढरे ठिपके वरून खाली भुरभुरत यायचे. मला ते इतकं आवडलं की मी आत्यांना हाक मारून बोलावलं.

आत्या पदराला हात पुसत आल्या. स्क्रीनवर शेंगोळ्यांचा फोटो होता.

"ह्ये काय पडतंय गं त्याच्यावर?"

"बर्फ, आत्या."

"शेंगोळ्यावर?"

"हो."

"मग गार व्हतील की," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी हसले, पण बर्फ काढला नाही.

त्यानंतर हळूहळू वडिलांचं ब्लॉगवर लिहिणं कमी झालं. आधी प्रत्येक लेखाखाली त्यांचं काहीतरी असायचं. मग एखाद्याच लेखाखाली, मग कुठंच नाही. फोनवर विचारलं तर म्हणायचे, "बघतो ना. चांगलं चाललंय तुझं." त्यांचा आवाज असा असायचा की पुढं काही विचारू नये. मला वाटलं, कंटाळले असतील. रोज भाज्यांबद्दल किती वाचायचं माणसानं?

एका रविवारी मी दौंडला गेले. न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दुसरी एसटी. जेवण झाल्यावर वडील म्हणाले, "चल, कॅफेत जाऊ. तुझं नवीन काय आलंय ते तुझ्यासमोरच वाचतो." मी खुशीत निघाले.

कॅफे म्हणजे एक लांबट खोली, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात एक कॉम्प्युटर. वडिलांची जागा ठरलेली होती. त्यांनी चष्मा लावला, माझ्या ब्लॉगचा पत्ता एका बोटानं टाइप केला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

पान पांढरंच होतं. खाली एक हिरवी पट्टी हळूहळू सरकत होती. बऱ्याच वेळानं घड्याळ उमटलं. मग कॅलेंडर. मग पुण्याचं हवामान. फोटोची जागा रिकामीच होती, पण तिच्यावर बर्फ पडायला लागला होता. भुरभुर नाही, अडकत अडकत. बाजूच्या कप्प्यातल्या पोरांनी एकदा वाकून बघितलं. लेखाची पहिली ओळ आली तोपर्यंत माझा चेहरा लाल झाला होता.

"रोज असंच होतं का, दादा?" वडिलांना आम्ही सगळे दादाच म्हणायचो.

"अगं, इथली लाइनच स्लो आहे," ते म्हणाले. "तुझा काय दोष?"

"मग आधी यायचं का लवकर?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आधी यायचं," म्हणाले.

लेख मात्र त्यांनी पूर्ण वाचला. मग खालच्या चौकटीत लिहायला घेतलं. B शोधला, h शोधला. शेवटी 'Bhaji chan' एवढं लिहून थांबले.

"एवढंच?" मी विचारलं.

"बोलायचं खूप असतं गं. पण इंग्रजी अक्षरांत आपलं बोलणं लिहायला जिवावर येतं. मीच लिहिलेलं मलाच वाचता येत नाही."

परत येताना एसटीत माझ्या डोक्यात तेच चालू होतं. मी सगळे प्लगइन माझ्याच हौसेसाठी घेतले होते. वाचणाऱ्याला काय पाहिजे, हे वर्षभरात एकदाही मनात आलं नव्हतं. आणि वाचणारे तरी कितीसे होते? एक माणूस होता, त्याला विचारलं असतं तरी भागलं असतं.

घरी आल्यावर मी घड्याळ, कॅलेंडर, हवामान, तारे, सगळं बंद केलं. बर्फ सगळ्यात आधी. पान चटकन उघडायला लागलं. मग मी अशा प्लगइनच्या शोधाला लागले की ज्यामुळे प्रतिक्रियेच्या चौकटीत इंग्रजी बटणं दाबली तरी मराठी अक्षरं उमटतील. असं असतं हे मला ऑफिसातल्या सरांनीच सांगितलं. या वेळी नुसतं वर्णन वाचून भुलले नाही. कुणी लिहिलंय, शेवटचं कधी सुधारलंय, वापरणारे त्याच्याबद्दल काय म्हणतात, सगळं बघितलं. तरीही पहिलं जे जोडलं त्यानं घात केला. बटण दाबलं आणि ब्लॉग गायब. लेख नाहीत, फोटो नाहीत, मला आत शिरायचं पानही नाही. सगळं पांढरं.

मी तशीच स्वयंपाकघरात जाऊन बसले. आत्या भाकरी थापत होत्या.

"काय झालं?"

"सगळं गेलं, आत्या. तुम्ही सांगितलेलं सगळं."

"कुठं गेलं?"

"पुसलं गेलं. कॉम्प्युटरमधनं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मग पुन्यांदा लिही की. मी हाय अजून. मला इचार."

त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला रडूही आलं आणि हसूही. मी ताट वाढून घेतलं आणि त्यांच्याशेजारीच बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "घाबरायचं नाही, मॅडम. कुछ नहीं गया. त्या प्लगइनचं तुमच्या ब्लॉगशी पटलं नाही, इतकंच." त्यांनी माझ्या जागेत शिरून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदललं. ब्लॉगला ते सापडेना, म्हणून त्यानं ते सोडून दिलं, आणि सगळे लेख जसेच्या तसे परत आले. वर सरांनी दोन गोष्टी बजावल्या: एका वेळी एकच प्लगइन जोडायचं, आणि सगळ्या लेखांची नक्कल आपोआप काढून ठेवणारं एक प्लगइन आधी घ्यायचं. ते मी त्याच दिवशी घेतलं.

मराठी अक्षरांसाठीचं दुसरं प्लगइन नीट चाललं. मी वडिलांना फोन करून कसं लिहायचं ते सांगितलं आणि वाट बघत राहिले. दोन-तीन दिवसांनी तांदुळज्याच्या लेखाखाली त्यांचं मराठीतलं पहिलं लिखाण आलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, जोडाक्षरं सुटी पडली होती, पण लेखापेक्षा ते लांब होतं. ते लहान असताना त्यांची आई रुळांच्या कडेनं तांदुळजा खुडत जायची आणि ते तिच्यामागं टोपली घेऊन चालायचे. घरी आल्यावर ती भाजी नुसत्या मिरची-मिठात परतायची, तेल नसलं तरी, आणि ती लोखंडी तव्यातच जास्त गोड लागायची. माझी आजी मी बघितलेली नव्हती. वडील तिच्याबद्दल कधी बोललेही नव्हते. म्हणजे मी कधी विचारलं नव्हतं. मी ते आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक वाक्य पुन्हा वाचायला लावलं, लोखंडी तव्याचं. "खरं हाय त्यांचं," म्हणाल्या. "मीबी तसाच करते. तुला सांगायचं राहिलं."

मराठीत लिहिता येतं म्हटल्यावर आणखी लोक यायला लागले. कुणी पुण्यातलं, कुणी नाशिकचं, कुणी परदेशात शिकायला गेलेलं. त्यांच्यासोबत भलतेही आले. इंग्रजीत औषधांच्या, घड्याळांच्या जाहिराती खाली येऊन पडायच्या. संध्याकाळी मी प्रतिक्रिया वाचायला बसले की आत्या शेजारी यायच्या.

"ही लोकं काय म्हणत्यात?"

"घड्याळं विकतायत."

"आपल्याला नगं म्हणावं."

त्यासाठी मी तिसरं प्लगइन घेतलं. जाहिराती ओळखून ते परस्पर बाजूला टाकायचं. एकदा त्यानं वडिलांनाही बाजूला टाकलं, कारण त्यांनी एकच प्रतिक्रिया चारदा पाठवली होती. मी त्यांना तिथून बाहेर काढलं आणि फोनवर सांगितलं, तर ते बराच वेळ हसत होते. मग एवढी तीनच प्लगइन राहिली. नवीन काही दिसलं तर मी बघायचे, वाचायचे, आणि बहुतेक वेळा सोडून द्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात शेंगोळ्यांच्या लेखाखाली सुरतेहून एका बाईंची प्रतिक्रिया आली. 'जय भीम ताई' अशी सुरुवात होती. त्यांचं माहेर कासुर्डीचं, लग्नानंतर सुरतेला गेल्या, आई वारून बरीच वर्षं झालेली. त्यांनी लिहिलं होतं, 'आमची आई हुलग्याच्या पिठात जवारीचं पीठ घालायची आन् शेंगुळं ताटाच्या पाठीवर वळायची. मी करते तर फुटत्यात. तुमच्या सासूबाईला इचारा ना का फुटत्यात.' बोलतात तसंच लिहिलं होतं. मी वाचत होते आणि आत्या पुढं सरकून स्क्रीनकडे बघत होत्या, जणू ती बाई तिथंच बसली होती.

"तिला म्हणावं, पानी लई घालती ती. पीठ घट मळायचं आन् रस्सा चांगला उकळल्याबिगार सोडायचं न्हाई."

मी तसं लिहिलं. तिकडून पुन्हा प्रश्न आला, इकडून पुन्हा उत्तर गेलं. महिनाभर दोघींचं असं चाललं होतं आणि मी मधली टाइप करणारी होते.

मग सुरतेच्या बाई भावाच्या घरी कासुर्डीला आल्या आणि तिथून एक दिवस आमच्याकडे आल्या. मी स्टँडवर आणायला गेले. लांबूनच ओळखलं, त्या मिठाईच्या पुड्याची पिशवी छातीशी धरून इकडेतिकडे बघत उभ्या होत्या. सुरतेची घारी, तिथली माव्याची मिठाई, त्यांनी खास आत्यांसाठी आणली होती. घरात आल्या तशा त्या आत्यांच्या पाया पडायला वाकल्या, तर आत्यांनी त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि थेट स्वयंपाकघरात नेलं. परातीत पीठ काढून तयार होतं. ज्वारीचंही, थोडंसं.

"तुझ्या आयेवानी कर," आत्या म्हणाल्या. "मला बघू दे."

बाई ताट पालथं घालून वळायला बसल्या. पहिलं शेंगोळं तुटलं. दुसरं तुटलं. आत्यांनी परातीत हात घातला, पीठ पुन्हा मळलं आणि एक गोळा त्यांच्या हातात दिला. मग मात्र लांब, सुबक वेटोळं आलं. त्या बाईंनी ते उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "असंच. अगदी असंच व्हायचं तिचं." आत्या चुलीकडे वळल्या आणि रश्शाला उकळी आली का ते बघायला लागल्या.

जेवायला आम्ही तिघी एकत्र बसलो. मिस्टर शिफ्टवरून आले तेव्हा पातेल्याच्या तळाशी थोडंसंच उरलं होतं. आत्यांनी जेवता जेवता कबूल केलं की ज्वारीच्या पिठानं शेंगोळी जरा हलकी होतात. "पर चव आमचीच," त्या म्हणाल्या, आणि सुरतेच्या बाई म्हणाल्या, "व्हय आत्या, चव तुमचीच."